सोसायटीचे परराष्ट्र धोरण

दिल्लीचे परराष्ट्र धोरण काय आहे ते तज्ज्ञांना विचारा. नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीचे मात्र स्वच्छ आहे: आपला मुलगा बाहेर गेला पाहिजे आणि बाहेरचा आत येता कामा नये. आलाच तर मीटर रूममध्ये राहावे, लिफ्ट वापरू नये, आणि दिवाळीच्या पोस्तावर समाधान मानावे.

परवाच्या सर्वसाधारण सभेत हे धोरण एकमताने मंजूर झाले. एकमताने म्हणजे अठ्ठेचाळीस सभासदांपैकी अकरा हजर होते, त्यातले चौघे बटाटेवड्यांसाठी थांबले होते. टाकीची गळती, पार्किंग आणि थकबाकी हे विषय प्रथेप्रमाणे पुढच्या वर्षावर ढकलले गेले. मग चौथा विषय निघाला, 'परप्रांतीय व परदेशी वॉचमनबाबत विचार करणे', आणि सभेला जाग आली.

"ही माणसं येतात कशाला इकडे? आपल्या देशात काम करायला काय होतं यांना?" अध्यक्षांनी विचारले. अध्यक्ष बांधकाम खात्यातून निवृत्त. थोरला डॅलसला, धाकटा स्टुटगार्टला. हाच प्रश्न अमेरिकेच्या अध्यक्षांनी सप्टेंबर २०२५ मध्ये केला होता, तेव्हा आमच्या अध्यक्षांना तो अत्यंत असंस्कृत वाटला होता. १९ तारखेला ट्रम्पसाहेबांनी सही केली: एच-वन-बी व्हिसाच्या अर्जाला फी एक लाख डॉलर. त्या दिवशीच्या भावाने अठ्ठ्याऐंशी लाख रुपये, म्हणजे नवीन पनवेलात टू बीएचके. अंमल २१ पासून, आणि नेमकी त्याच दिवशी सर्वपित्री अमावास्या. पितरांच्या पानापेक्षा विमानाच्या तिकिटांची चर्चा जास्त. फी फक्त नव्या अर्जांना आहे, आत असलेल्यांना नाही, असा खुलासा झाला तेव्हा कुठे कावळा शिवला.

आमचा वॉचमन नेपाळातल्या गुल्मी जिल्ह्याचा. सोनौलीची हद्द ओलांडायची, बसने गोरखपूर गाठायचे, तिथून गोरखपूर-पनवेल एक्स्प्रेस थेट आमच्या दारात. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ कराराचे सातवे कलम दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, धंदा करण्याची मुभा देते. व्हिसा नाही, लॉटरी नाही, फी नाही. हे ऐकून सचिवांचा चेहरा पडला. "म्हणजे हा कायदेशीर आलाय?" त्यांच्या आवाजात फसवणूक झाल्याचे दुःख होते.

"पण बांगलादेशी असला तर?" खजिनदारांनी विचारले. त्यांना गुल्मी नकाशावर दाखवावे लागले. शंका काढण्यात त्यांचे काही चुकले नाही, सरकारही काढते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या आसपास पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, ते भारतीयच निघाले, आणि मग परत आणावे लागले. बोली एक असली की माणूस हद्दीच्या कुठल्या बाजूचा हे चेहऱ्यावरून ओळखणे अवघडच, बेळगावकरांना विचारा. शेवटी खजिनदारांच्या समाधानासाठी पोलीस पडताळणी करायचे ठरले. खर्च वॉचमनच्या पगारातून.

सचिवांची उपसूचना होती की वॉचमनला मराठी आलीच पाहिजे. त्याला ती येते. गेटवरचे रजिस्टर तोच भरतो: नाव, कुठून आले, कोणाकडे, काम, वेळ, सही. 'फ्रीज दुरुस्ती', 'धुणीभांडी', 'पाहुणे' असे रकान्यात नीट लिहितो, फ्लॅटचे नंबरही देवनागरीत. त्याची लिपी तीच आहे हो. आमच्या दारांवरच्या पाट्या इंग्रजीत आहेत म्हणून त्याला सुरुवातीला जरा त्रास झाला. अध्यक्षांचा नातू डॅलसहून आला होता तेव्हा वॉचमनने त्याला विचारले, "बाळा, जेवलास का?" नातवाने भाषांतरासाठी आजीकडे पाहिले. तरीही उपसूचना मंजूर झाली.

इथे मागच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ उठले. हे नवी मुंबई विमानतळाने उठवलेल्या गावांपैकी एकाचे. वडिलांनी १९८४ च्या जासईच्या शेतकरी आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या. ते म्हणाले, "आमच्या पोराला विमानतळावर लावतो म्हणाले होते. विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरपासून विमानंही सुटायला लागली. पोरगा आता विमानात बसून दुबईला चाललाय, फोर्कलिफ्ट चालवायला." परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटाने सेवाशुल्क जास्तीत जास्त तीस हजार आणि वर जीएसटी घ्यावे असा नियम आहे. यांच्या एजंटाने दीड लाख मागितले; पावती तीस हजारांची. पोरगा दहावी नापास, त्यामुळे पासपोर्टवर 'ईसीआर', म्हणजे जाताना भारत सरकारची परवानगी काढायची. इंजिनियराला देश सोडताना कोणी अडवत नाही, मजुराची मात्र सरकारला काळजी. अध्यक्षांनी हा मुद्दा विषयाला सोडून असल्याचा निर्णय दिला.

मग मी एक कागद वाचला. वाचायला नको होता. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी दहा हजार कुशल माणसे पुरवण्याचा करार केला. स्टुटगार्ट त्याचीच राजधानी. पोरांना जर्मन शिकवायचीही योजना झाली. कोणकोणती माणसे पाठवायची त्या यादीत परिचारिका आहेत, वेटर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, ट्रकचालक आहेत आणि सुरक्षारक्षकही आहेत. होय, वॉचमन. महाराष्ट्र वॉचमन निर्यात करणार आणि आम्ही गुल्मीहून आयात करणार.

सभेत शांतता पसरली. पहिल्यांदा सावरले ते सचिव. "जर्मनीत त्याला वॉचमन म्हणत नसतील," ते म्हणाले, आणि सगळ्यांना बरे वाटले.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशांतला सर्वात मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. केरळलाही आपण मागे टाकले. याचा सभेला अभिमान वाटला. नेपाळच्या अर्थव्यवस्थेच्या चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम अशीच बाहेरून येते. त्याची सभेला कीव आली. डॅलसच्या डॉलरांतून पनवेलला फ्लॅट झाला. पनवेलच्या पगारातून गुल्मीत पत्रा जाऊन स्लॅब आला. दोन्हीकडे राहायला म्हातारी माणसेच. गेल्या पावसाळ्यात अध्यक्षांना रात्री दोनला छातीत कळ आली, तेव्हा रिक्षा आणून, खांदा देऊन दवाखान्यात नेले ते वॉचमनने. डॅलसला दुपार होती, मीटिंग चालू होती. वॉचमनच्या वडिलांना गावात कोण नेतो हे कुणी विचारले नाही. विषयपत्रिकेवर नव्हते.

शेवटी ठराव झाला: पडताळणीचा खर्च वॉचमनचा, दशैंची, म्हणजे त्याच्या दसऱ्याची, रजा पंधराऐवजी दहा दिवस, आणि मीटर रूममध्ये शेगडी पेटवायची नाही. ठराव कळवायला सचिव खाली गेले. वॉचमन मीटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांखाली पत्र्याची पेटी बांधत होता. त्याला कतारचे काम मिळाले आहे. आठ तासांची पाळी, पगार इथल्या तिप्पट.

"बघा!" अध्यक्ष संतापले. "चार पैसे जास्त दिसले की निघाले परदेशात. या माणसांना मातीची ओढच नाही." हे त्यांनी डॅलसला आणि स्टुटगार्टला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेही. दोघांकडून अंगठा आला.

तरी वाचकांना विनंती: सोसायटीला वॉचमन पाहिजे. बारा तास ड्युटी, साप्ताहिक सुट्टी नाही, पगार तेरा हजार. मराठी आवश्यक, शक्यतो भूमिपुत्र. आमच्या कोणाची मुले सोडून कोणीही अर्ज करावा.