नावाचा शास्त्री

काही माणसांना जास्त उकळलेला चहा चालतो, फुटलेली काच चालते, उधारी बुडाली तरी चालते. पण कुणाचं नाव चुकलेलं चालत नाही. आमचा शास्त्री त्यातला. शास्त्री हे त्याचं आडनाव नव्हे, पदवी आहे. आदिलाबादच्या बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि समोरच्या टपरीवरच्या मंडळींनी ही पदवी एकमताने बहाल केली आहे. गाव बेला मंडलातलं, पेनगंगेच्या अलीकडचं. नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. घरात तो मराठी बोलतो, गिऱ्हाइकांशी तेलुगू आणि टपरीवर दखनी. तिन्ही भाषांत त्याचा विषय मात्र एकच : व्हिडिओ गेममधल्या मंडळींची खरी नावं.

महिन्याच्या सुरुवातीला दुकानाचे मालक, बापू, भाड्याला येतात. शास्त्री त्यांना स्टूल देतो आणि मारिओची कथा लावतो. "बापू, १९८१ साली डाँकी काँग नावाचा गेम आला. त्यात उड्या मारणारा एक मिशीवाला होता. धंद्यानं सुतार. प्लंबर तर थो दोन वर्षांनी झाला. मिशी काहून? तोंड काढायले जागा नव्हती. टोपी काहून? केस काढणं कठीण. अन् नाव? नावच नव्हतं त्याले! नुसता जंपमॅन." मग निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक कसे थकलेलं भाडं मागायला आले, त्यांचं नाव मारिओ सेगाले कसं होतं आणि कंपनीने तेच नाव हिरोला कसं चिकटवलं, हे तो असं सांगतो की जणू त्या दिवशी गोदामात चहा यानेच नेऊन दिला. बापू सगळं शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "मंग त्या मारिओले भाडं भेटलं काय?"

या मुद्द्यापाशी शास्त्रीचं संशोधन थांबतं.

त्याचं खरं दुखणं मात्र मारिओ नाही, मुस्तफा आहे. ज्यांनी नव्वदीच्या दशकात किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत घरच्यांचा डोळा चुकवून पार्लरमध्ये रुपयाची नाणी घातली, त्यांना हे नाव सांगावं लागत नाही. पिवळ्या टोपीचा, पळत येऊन उडती लाथ घालणारा गडी. त्याच्या लाथेवर सबंध देश इतका खूश झाला की गेमचंच नाव 'मुस्तफा' पडलं. "कुठे चाललास?" "मुस्तफा खेळायले." झालं. शास्त्रीच्या लेखी ही ऐतिहासिक अन्यायाची परिसीमा आहे. गेमचं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनी, साल १९९३. मूळ मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेत. खरा नायक जॅक टेनरेक, जुन्या कॅडिलॅक गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. सोबत हॅना डंडी, धिप्पाड मेस आणि मुस्तफा. म्हणजे मुस्तफा हा नायकाचा दोस्त. "मेकॅनिकचं नाव कोणी घेत नाही," शास्त्री स्क्रूड्रायव्हर आपटून म्हणतो, आणि या वाक्यात जॅक टेनरेकपुरतंच दुःख नसतं.

"अन् त्या मुस्तफाचं तरी आडनाव माहीत हाय काय कोणाले? आपल्या इकडे गोंडी माणसाचं आडनाव कळलं की थो चार देवांचा, पाच देवांचा, सहाचा की सातचा ते कळते. सोयरीक होते की नाही तेबी कळते. अन् ज्याच्यापायी आपण शाळा बुडवली, त्याचं आडनाव माहीत नाही! कैरो! मुस्तफा कैरो!"

टपरीवर एक ऑटोवाला अन्ना बसतो. तो शास्त्रीचा कायमचा प्रतिपक्ष. त्याने आयुष्यात एकही गेम शेवटपर्यंत खेळलेला नाही, त्यामुळे त्याची मतं ठाम आहेत. "कैकू दिमाग खाता रे भाई? पैसा हमारा, कॉइन हमारा, नाम भी हमारा. मुस्तफा बोले तो मुस्तफा." शास्त्री पुरावे काढतो, साल काढतो, कंपनी काढतो. अन्ना बशीत चहा ओततो. वादात जिंकणारा आणि बरोबर असणारा ही दोन वेगळी माणसं असतात, हे त्या टपरीवर जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

एकदा शास्त्रीने 'स्ट्रीट फायटर टू'मधला घोळ सोडवायला घेतला. साल १९९१. त्याने काचेचे तीन ग्लास बाकावर ओळीने मांडले. हा पहिला, मुष्टियोद्धा. जपानात याचं नाव एम. बायसन. हा दुसरा, पंजाला नखं बांधणारा स्पॅनिश. जपानात याचं नाव बालरॉग. आणि हा तिसरा, लाल कपड्यातला सगळ्यांचा बाप. जपानात याचं नाव वेगा. आता गेम निघाला अमेरिकेला. तिथे माइक टायसन बसलेला. मुष्टियोद्धा, आणि नाव एम. बायसन! टायसनने कोर्टात खेचलं तर? म्हणून कंपनीने नावं फिरवली. शास्त्रीने ग्लास फिरवले. बायसन हे नाव गेलं तिसऱ्याकडे, तिसऱ्याचं वेगा आलं दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं बालरॉग आलं पहिल्याकडे. "आता सांगा, टायसनसारखा दिसणारा कोण?" मंडळी पुढे झुकली. बोटं ग्लासांकडे गेली. तेवढ्यात टपरीवरच्या पोऱ्याने तिन्ही ग्लास एका हाताच्या तीन बोटांत अडकवले आणि विसळायला नेले. वाद आजतागायत निकाली निघालेला नाही. परत आलेल्या ग्लासांत बायसन कोणता, हे ओळखायला शास्त्रीलाही जमलं नाही.

पण त्याच गेमने त्याला आयुष्यातला सर्वांत मोठा विजयही दिला. त्यातला हातपाय लांबवणारा, तोंडातून आग काढणारा भारतीय योगी धालसिम सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला एक मुलगा आहे आणि त्या मुलाचं नाव दत्ता आहे, हे आदिलाबादेत फक्त शास्त्रीला ठाऊक होतं. आणि दत्ताचं माहूर आपल्यापासून किती लांब? किनवटवरून पुढे गेलं की आलंच! शास्त्रीने दोन टोकं जोडली. धालसिम हा माहूरच्या दत्ताला नवस बोललेला माणूस आहे, असा सिद्धान्त त्याने घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर मांडला. त्याच्या आईने एवढंच विचारलं, "त्या जपानी लोकायनं माहूर पाह्यलं काय?"

"नसन पाह्यलं. नाव तर घेतलं ना!"

आईने माहूरच्या दिशेला हात जोडले. शास्त्रीच्या सिद्धान्ताला मिळालेली ही पहिली मान्यता.

हल्लीची पोरं मात्र त्याचा पिच्छा पुरवतात. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर या गेमवर बंदी आली, तरी त्याचं मॅक्स नावाचं भावंड खेळणारी पोरं स्क्रीनगार्ड बसवायला याच्याकडेच येतात. त्यांच्यातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं, की गेममधला डीजे आलोक आपल्या नागपूरचा आहे. शास्त्रीने हातातला फोन खाली ठेवला. आलोक हा ब्राझीलचा खराखुरा डीजे आहे, आणि क्रोनो नावाचं जे पात्र आहे ते पोर्तुगालच्या रोनाल्डोवरून केलेलं आहे, असं दोन्ही वंशावळींसकट सांगितलं. पोरगं ऐकून घेऊन म्हणालं, "कुठचाबी असू द्या ना काका. लाइफ वाढवते ना थो?" त्या दिवशी शास्त्रीने स्क्रीनगार्ड तिरकं बसवलं.

नावांबद्दल एवढा काटेकोर माणूस कागदावर मात्र तीन आहे. दहावीच्या मेमोवर तेलुगू रिवाजाने त्याचं आडनाव आधी आहे. आधारवर नाव आधी आहे. शेताच्या पट्टादार पासबुकात या दोघांच्या मधे वडील येऊन बसले आहेत. बँकेत कर्जाला गेला तेव्हा तिन्ही कागद ओळीने मांडून विचारणा झाली, "यातले तुम्ही कोण?" ग्लास फिरवणाऱ्या शास्त्रीने उत्तर दिलं, "तिन्ही मीच." दुरुस्तीला मीसेवा केंद्रात जायचं त्याच्या मनात आहे, सवड नाही. त्याला त्यात वावगंही वाटत नाही, कारण इथे कुणालाच वाटत नाही. जुने लोक ज्याला एदलापुरम म्हणत, ते हे आदिलाबाद. निजामाच्या राज्यातून निघून १९५६ ला आंध्रात आणि २०१४ ला तेलंगणात आलं, २०१६ ला जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आणि दर वेळी दुकानाच्या पाटीवरचा पत्ता बदलण्यापलीकडे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मागच्या वर्षी शास्त्रीला मुलगा झाला. बारशाआधी त्याने नावांची यादी केली. त्यात लिंक होतं. समजावणी अशी, की गेमच्या नावातलं 'झेल्डा' हे राजकन्येचं नाव आहे, हिरोचं नाही, हिरो लिंक, आणि निदान आपल्या घरात तरी ही चूक सुधारावी. दुसऱ्या एका गेममधलं टॉमी होतं. जॅक तर दोनदा होतं. आत्याने यादी वाचली, घडी केली आणि पाळण्याच्या गादीखाली सारली. मग वाकून बाळाच्या कानात म्हणाली, दत्ता. बायका समाधानाने कुऽर्र करून ओरडल्या. आत्याच्या मनात माहूर होतं, शास्त्रीच्या मनात धालसिम. इतक्या एकमताने त्या घरात आजवर काही ठरलं नव्हतं.

हे एकमत टपरीपर्यंत पोचलं नाही. पोरगं रांगायला लागलं आणि समोर येईल त्याला लाथ मारायला लागलं. अन्नाने पहिल्याच लाथेला बारसं करून टाकलं. आता ऑटोस्टँडपासून बसस्टँडपर्यंत सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणतात. बायकोने तक्रार केली, "आता तरी त्या लोकायले काही सांगा." शास्त्री तिरमिरीत उठला, रस्ता ओलांडून टपरीवर गेला आणि सगळ्यांसमोर उभा राहून कडाडला :

"लेकराचं अर्धं नाव काहून घेता बे? पूर्ण घ्या. मुस्तफा कैरो!"