फोन करा, पण हळू

टोकियो

ती. मामाजी आणि आई,

पत्र पाहून घाबरू नका, आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर बोलले नाही, कारण आमच्या घरात सध्या मोठ्याने बोलायला बंदी आहे. तुमच्या चिरंजीवांनी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडून तिच्यात गार्डन ईल पाळल्यात. आपल्या वामीसारख्याच लांबोडक्या, पण करंगळीहून बारीक. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. आई, मसाला वाटायला घेऊ नका, खायच्या नाहीत.

या बाया पोहायच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. शेपटीने वाळूत बीळ करतात, अंगच्या चिकट द्रवाने ते आतून लिंपतात आणि अर्धं अंग बाहेर काढून, प्रवाहाकडे तोंड करून दिवसभर उभ्या. वाहत तोंडाशी येईल तेवढंच खायचं. घास दोन बोटं लांबून गेला तर गेला. म्हणून तुमचे चिरंजीव घरी असले की कितीदा तरी आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जीवाची पिल्लं पिचकारीने सोडत बसतात. माझ्या हातात आजवर चहाचा कप आयता आलेला नाही, हे जाता जाता सांगते.

मिठाचं तर विचारूच नका. लिटरमागे साधारण 35 ग्रॅम, तेही गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात. वरण अळणी आहे हे ज्यांना ताट संपेपर्यंत कळत नाही, ते रोज सकाळी टाकीचा खारटपणा यंत्राने मोजतात. मामाजी, येताना लोणार सरोवराच्या पाण्याचा कॅन मात्र आणू नका. त्या पाण्यात नुसतं मीठ नाही, भरपूर खारही आहे. आमच्या ईल त्यात जगायच्या नाहीत.

आता मुद्द्याचं. 2020 मध्ये कोरोनामुळे इथलं सुमिदा मत्स्यालय बंद होतं. तिथल्या सुमारे 300 ईल माणसांना विसरल्या, कर्मचारी दिसला की वाळूत गडप! तब्येत तपासायची कशी? मग मे महिन्यात 3 ते 5 तारखेला टाकीसमोर पाच टॅबलेट लावले आणि लोकांना विनंती केली : व्हिडिओ कॉल करा, हात हलवा, बोला, पण ओरडू नका.

आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात, त्यामुळे आमच्या ईलही माणसं विसरतील अशी चिरंजीवांना धास्ती. तर तुम्ही रिसोडहून रोज सकाळी अकराला कॉल करावा. इथे तेव्हा अडीच वाजलेले असतात. टॅबलेट टाकीसमोर लावून ठेवू. आई, तुम्ही वाती वळत समोर बसलात तरी चालेल. मामाजींनी फक्त हात हलवावा. मागल्या रविवारी त्यांचं ‘काय करून राह्यला बे?’ ऐकून सगळ्या आत गेल्या त्या संध्याकाळपर्यंत वर आल्याच नाहीत.

नातवाशी बोलायचं असेल तर वेगळा फोन करा. तो जिन्यात जाऊन बोलेल.

तुमची सून