वापर बदलाचा अर्ज

प्रति,
जे कोणी संबंधित असतील ते,
मुंबई.

विषय : काळा घोडा चौकातील एस्प्लनेड मॅन्शन ऊर्फ वॉटसन्स हॉटेल या इमारतीचा वापर बदलून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यास बसलो आणि ‘सध्याचा वापर’ या रकान्यापाशीच अडलो. सबब आधीच्या वापरांचा तपशील खाली देत आहे. त्यावरून रकाना आपणच भरून घ्यावा.

वापर पहिला, हॉटेल. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने ते काढले. रोलँड ऑर्डिश यांनी आराखडा केला, लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतला गेला, जहाजाने मुंबईत आला आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडला गेला. हॉटेल गोऱ्यांसाठी राखीव. जमशेटजी टाटांना इथे दारातून परत पाठवले म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी कथा आहे. तिला पुरावा नाही, पण आपले खाते पुराव्यावाचूनही कामे करते, म्हणून नोंदवली. १९०३ मध्ये ताज उघडले आणि वॉटसन्सची रया गेली, हे मात्र खरे.

वापर दुसरा, चित्रपटगृह. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या माणसाने इथे एक रुपया तिकीट लावून हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला. हल्ली असता तर अग्निशमन, पोलीस आणि ध्वनिप्रदूषणाचे दाखले गोळा होईपर्यंत पडद्यावरची आगगाडी फलाटाला लागली नसती. त्या संध्याकाळच्या चित्रफितींमध्ये एक भिंत पाडण्याचीही होती. ती उलटी फिरवली की पडलेली भिंत आपोआप उभी राहते, हा ल्युमिएरांचा आवडता खेळ. दुरुस्तीची हीच पद्धत आपल्याकडे अजून मान्यताप्राप्त असावी, अशी आमची समजूत आहे.

वापर तिसरा, पक्षिनिरीक्षण. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला आणि खिडकीबाहेरच्या कावळ्यांवर त्याने झकास मजकूर लिहिला. कावळ्यांनी तेव्हापासून वापर बदललेला नाही. नियम पाळणारे तेवढेच.

वापर चौथा, कचेऱ्या. हॉटेल बंद पडले, खोल्यांची खुराडी झाली आणि कोर्ट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे त्यांत वकील येऊन बसले. भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. मालक म्हणे, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणे, दुरुस्ती नाही तर भाडे कशाचे वाढवू? एवढे वकील एका छपराखाली असूनही वाद मिटला नाही; किंबहुना म्हणूनच मिटला नसावा.

वापर पाचवा, अहवालनिर्मिती. २०१९ मध्ये इमारत धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. आयआयटी मुंबईचा अहवाल सांगे, पाडा. वारसातज्ज्ञ म्हणाले, वाचवता येते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. वॉटसनच्या लोखंडापेक्षा कागदाचे वजन जास्त भरेल, अशी परिस्थिती आली.

आता प्रस्तावित वापर. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत. (अ) दरवर्षी काळा घोडा महोत्सवाच्या नऊ दिवसांपुरते वारसाप्रेम उतू जाते, त्या वेळी फोटोची पार्श्वभूमी. (आ) तिच्यावरच्याच अहवालांचे गोदाम. (इ) आधी पडू द्यावी, मग स्मारक करावे.

तिसरा पर्याय खात्याला जवळचा वाटेल, म्हणून सावध करतो. या चौकाला तो अनुभव आहे. १९६५ मध्ये सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा इथून हलवून राणीच्या बागेत ठेवला. घोडा गेला, नाव राहिले. मग २०१७ मध्ये नवा घोडा आणला, स्वाराशिवाय, आणि त्याला नाव दिले ‘स्पिरिट ऑफ काळा घोडा’. राजा गेल्याचे दुःख नाही. पण उद्या या जागी काचेचा टॉवर उभा करून त्याच्या पायथ्याशी ‘स्पिरिट ऑफ वॉटसन्स’ नावाचा लोखंडी खांब रोवू नये, ही विनंती.

वापर कोणताही ठरवा. ग्रंथालय करा, सिनेमाचे संग्रहालय करा, पुन्हा हॉटेल करा; वकिलांना परत बसवलेत तरी आमची हरकत नाही. त्याआधी एकच गोष्ट लेखी कळवा : दुरुस्तीचा खर्च मालकाने करायचा, भाडेकरूंनी की सरकारने? वॉटसनने सातासमुद्रापलीकडून सांगाडा आणून दोन वर्षांत इमारत उभी केली. इमारत रिकामी होऊन त्याहून अधिक काळ लोटला आहे. पैसे कोण देणार, एवढे ठरवायला हा अवधी पुरेसा आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक पादचारी (पलीकडच्या फूटपाथवरचा)

ता. क. : २००५ च्या पावसाळ्यात या इमारतीचे सज्जे कोसळून एक माणूस मरण पावला. त्याच सुमारास ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ने तिचे नाव जगातल्या १०० धोक्यातील वास्तूंच्या यादीत घातले होते. म्हणजे जगाला कळले होते. आपले उत्तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी यावे.