चिमण्यांचं रामकुंड : बांधावं कसं, राखावं कसं

प्रास्ताविक
नाशिक हे कुंडांचं शहर आहे आणि सिमेंटचंही. गोदापात्रातल्या कुंडांचा तळ काँक्रीटने बांधून काढायचा आणि मग झरे बुजले म्हणून तेच काँक्रीट फोडण्यासाठी न्यायालयात जायचं, एवढा अनुभव शहराच्या गाठीशी आहे. २०२७च्या सिंहस्थात माणसांच्या स्नानाची काळजी घ्यायला सरकार समर्थ आहे. इंदिरानगरातल्या चिमण्या, बुलबुल आणि साळुंक्यांचं स्नान मात्र कुठल्याच खात्याच्या अखत्यारीत येत नाही. पूर्वी त्यांची सोय डबक्यात, गळक्या नळाखाली परस्पर व्हायची. आपण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून ती बंद केली. ज्या सिमेंटने पाणी घालवलं त्याच सिमेंटने ते परत कसं आणायचं, याचं हे मार्गदर्शन.

जागेची निवड
सकाळी ऊन, दुपारी सावली. जवळपास झुडूप हवं, पण मांजराची झेप पोचेल इतकं जवळ नको. घरातले ज्येष्ठ ‘पाणी ईशान्येला’ असं सांगतील. ईशान्येला ॲक्टिव्हा उभी असते. तेव्हा पक्ष्यांना वास्तुशास्त्र लागू नाही, असा ठराव घरात आधीच मंजूर करून घ्यावा.

साहित्य
दीड फुटाचा थाळा, दीड इंच जाडी. माल एकास तीन : एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली क्रश सँड. सिमेंट चार किलोंत भागतं आणि दुकानदार सुटंही देतो. पण सुटं सिमेंट मागताना आपली पत जाते, म्हणून आपण ५० किलोंची अख्खी गोणी उचलतो. उरलेल्या ४६ किलोंचा विचार पुढे केला आहे. शिवाय घमेलं, थापी आणि रबरी हातमोजे. ओलं सिमेंट कातडी जाळतं, त्यामुळे हातमोज्यांच्या बाबतीत मर्दुमकी दाखवू नये.

साचा
ओल्या वाळूचा बसका ढीग करून त्यावर प्लास्टिक अंथरावं. त्यावर अळूचं मोठ्यात मोठं पान, शिरा वर येतील असं पालथं ठेवावं. भाजीवालीकडचं पान लहान पडतं, ओहोळाकाठचं चालतं. पानाच्या पाठीवर माल थापत जावं, अळूवडीला पीठ लावतात तसं. फक्त गुंडाळण्याचा मोह टाळावा. ढिगाची उंची म्हणजे थाळ्याची खोली. ती दोन इंचांपुढे नेऊ नये आणि काठाकडे उतार ठेवावा. चिमणीला पोहता येत नाही, तिला फक्त पाय भिजवून पंख झटकायचे असतात. दोन दिवसांनी थाळा उलटा करून पान सोलून काढावं. शिरांचे ठसे उमटलेले दिसतील आणि त्याच खरबरीतपणावर पक्ष्याचा पाय ठरतो. यावर घोटून गिलावा करू पाहणाऱ्या गवंड्याला चहा देऊन निरोप द्यावा.

पाणी मारणे
भारतीय मानक आयएस ४५६ नुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं, मिश्र सिमेंटला १०, आणि कोरड्या, गरम हवेत तेही वाढवून १४. बहुमजली इमारतींनाही एवढी सेवा मिळत नाही, ती या थाळ्याला मिळाली पाहिजे. ओलं गोणपाट पांघरून सावलीत ठेवावा. कॉलनीतले निवृत्त अभियंते सकाळी फिरून परतताना तपासणीला येतील. त्यांना गोणपाट उचलू द्यावं. सळई का घातली नाही, या प्रश्नावर मान डोलवावी.

चुना उतरवणे
नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो आणि असं पाणी पक्ष्याला अपायकारक असतं. थाळा भरावा, दुसऱ्या दिवशी ओतून द्यावा, पुन्हा भरावा, असं दोनेक आठवडे. परीक्षा घरच्या घरी होते : कागदाला हळद लावून तो रात्रभर साठलेल्या पाण्यात बुडवावा. हळदीचं कुंकू झालं, म्हणजे लोकार्पणाचा मुहूर्त पुढे ढकलावा. कागद पिवळाच राहिला की नारळ फोडायला हरकत नाही.

लाभार्थी
योजना चिमण्यांसाठी असली, तरी पहिला लाभार्थी कावळा असतो. रामकुंडावर ज्याची तासन्‌तास विनवणी करावी लागते, तो इथे न बोलावता येतो आणि कुठून तरी उचललेली वाळकी पोळी पाण्यात भिजवून खातो. मग पारवे. मग सातभाई, जे एकटे कधीच येत नाहीत. चिमणी सर्वात शेवटी. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१०पासून पाळला जातो आणि त्याची सुरुवात केली ती नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांनी. त्यामुळे त्या दिवशी निदान नाशिककराच्या थाळ्यात तरी पाणी असावं.

अनधिकृत लाभार्थी
डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडवतो. म्हणून पाणी रोज, फार तर दिवसाआड बदलावं आणि थाळा काथ्याने घासावा, साबणाशिवाय. ‘पक्ष्यांसाठी आहे’ हे उत्तर महापालिकेचे मलेरिया कर्मचारी ऐकून घेतात आणि पाणी ओतून देतात.

उरलेल्या ४६ किलोंविषयी
हा सर्वात धोक्याचा टप्पा. पावसाळ्यात गोणीचा दगड होईल, या भीतीने माणूस अंगणातल्या शेवटच्या उघड्या मातीवर कोबा करून टाकतो. तसं करू नये. चिमणी पाण्याइतकीच धुळीतही अंघोळ करते आणि तिचं ते न्हाणीघर म्हणजे हीच माती. गोणी शेजाऱ्याला द्यावी. त्याचा कोबा आधीच झालेला असतो.

गावाला जाताना
मे महिन्यात पाण्याची जबाबदारी त्याच शेजाऱ्यावर सोपवावी. परत आल्यावर असं आढळू शकतं, की त्याने कुंभाराकडून मातीचं परळ आणून गच्चीवर ठेवलं आहे आणि सगळी गर्दी तिकडेच आहे. अशा वेळी परळाची किंमत विचारू नये, आणि आयएस ४५६चा विषय तर अजिबात काढू नये. तसंच एक परळ गुपचूप आणून आपल्या थाळ्यात ठेवावं.