दिव्यावर बर्फ

आमच्या स्नोमोबाइलचा दिवा लागलाय की नाही हे पाहायला बॅटरी न्यावी लागायची.

अतिशयोक्ती म्हणून सोडून देऊ नका. डिसेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, डुलुथला सूर्य साडेचारच्या आतच मावळतो. ऑफिसातून घरी येऊन गाडी बाहेर काढेपर्यंत मिट्ट काळोख. अशा वेळी तळ्याकाठी गाडी उभी केली आणि इंजिन नुसतं घरघरत ठेवलं, की पुढचा दिवा समईच्या वातीइतपत व्हायचा. मागे बसलेली बायको हेल्मेटच्या आतून विचारायची, "शुभंकरोति म्हणून घेऊ का?"

गाडी तिशी ओलांडलेली. आठशे डॉलरला घेतली. विकणारा म्हणाला होता, "दिवा तेवढा जुना आहे." जणू बाकीची गाडी कालच कारखान्यातून आली होती. पुण्याला आईला फोनवर सांगितलं, की बर्फावर चालणारी फटफटी घेतली, पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा, चाकं नाहीत. आईने क्षणभर विचार केला. "म्हणजे पंक्चरचा प्रश्न नाही. घे."

कोणत्या कंपनीची, ते सांगणार नाही. मिनेसोटात तो प्रश्न गोत्र विचारल्यासारखा आहे. याच राज्याच्या उत्तर टोकाला रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स अशी दोन छोटी गावं आहेत. एकात पोलॅरिस जन्मली, दुसऱ्यात आर्क्टिक कॅट. त्यात कॅनडातल्या वालकूरची स्की-डू १९५९पासून तिसरं घराणं म्हणून मिरवते. इथे मुलगा परधर्मात लग्न करतो ते चालतं, पण दुसऱ्या कंपनीची गाडी दारात उभी केली, की वडील जेवताना बोलत नाहीत.

तर दिवा. आमच्या गाडीला बॅटरीच नाही. दोरी ओढून इंजिन चालू करायचं. इंजिन फिरलं की आतली चुंबकं तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरतात, वीज तयार होते आणि ती थेट दिव्याला. इंजिन जोरात तर दिवा जोरात, इंजिन पेंगलं की दिवा पेंगला. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझं सगळं बालपण वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून गेलंय. चौक आला, खड्डा आला, गाय आली, म्हणजे नेमकं दिसायला हवं तेव्हा ते वेग कमी करायचे आणि दिवा मान टाकायचा. मग क्लच दाबून रेस द्यायची, उजेडात खड्डा पाहून घ्यायचा, आणि पुन्हा अंधारात त्यात जायचं. त्या दिव्यापासून दूर जावं म्हणून मी शिकलो, परदेशी आलो, कर्ज काढून घर घेतलं. आणि उणे वीस तापमानात, गोठलेल्या तळ्यावर, रेस देऊन पुढचं बघत बसलो होतो.

एलईडी बसवायचं ठरवलं. शेजाऱ्यांना सांगितलं. ते सत्तरीचे, नॉर्वेजियन वंशाचे, हयात बर्फात गेलेली. त्यांनी बल्बचं खोकं उलटंपालटं पाहिलं आणि म्हणाले, "हे वेगळं आहे."

मिनेसोटात "वेगळं आहे" याचा अर्थ "हे कुणी केलं आणि त्याला अजून मोकळा का सोडलाय" असा होतो. उलट फार आनंद झाला, तर ही माणसं "वाईट नाही" म्हणतात. पुण्यात वाढल्यामुळे मला ही भाषा शिकावी लागली नाही.

जुना बल्ब एच-फोर, ६०/५५ वॉटचा, मोटारींत असायचा तोच. नवा तेवढ्याच तोंडाचा, खर्च निम्म्याहून कमी, पण पाठीला उष्णता घालवायचा पंखा. बल्ब पुढून बसला. मागून रबरी टोपी बसेना. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, त्याबद्दल तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. माझं म्हणणं एवढंच, की पंखा टोपीत बसवणाऱ्यालाही काहीतरी द्यावं. शेवटी टोपीला कात्रीने भोक पाडलं. टोपी काढली तेव्हा आत उंदराने उन्हाळाभर जमवलेलं गवत निघालं. त्याला निदान बिऱ्हाड कसं बसवायचं हे ठाऊक होतं.

दोरी ओढली. दिवा लागला. लागला म्हणजे, फडफडला. पडणारा बर्फ तुटक तुटक दिसू लागला, प्रत्येक पाकळी मध्येच थांबून विचार करून खाली येत असल्यासारखी. बायको म्हणाली, "दांडिया कुठे आहेत?"

घोटाळा असा, की या गाडीची वीज उलटसुलट वाहणारी, एसी. जुन्या तारेच्या बल्बला त्याचं काही नसतं, तार इकडून तापली काय, तिकडून तापली काय. एलईडी मात्र एकमार्गी. वीज सुलट आली की लागतो, उलट आली की नाही. म्हणजे माझा दिवा अर्धा वेळ कामावर आणि अर्धा वेळ रजेवर होता. यावर उपाय रेक्टिफायर: चार डायोडचा चौक, जो सगळी वाहतूक एकाच दिशेला वळवतो. त्याच्या पुढे एक कपॅसिटर, म्हणजे मधल्या खाचा भरून निघतात. वाटेत दीड व्होल्टच्या आसपास वीज हे डायोडच खातात. दलाली म्हणायची.

हे सगळं समजून घेतलं आणि मग एकच चूक केली. स्कूटरवर वाढलेल्या माणसाच्या हाडीमासी भिनलेलं असतं, की निगेटिव्ह म्हणजे बॉडी. मी रेक्टिफायरची निगेटिव्ह वायर सरळ चासीला आवळली. पण विजेचं एक टोक कंपनीने आधीच चासीला जोडलेलं. त्यामुळे एका डायोडच्या दोन्ही टोकांना थेट विजेचं मूळ आणि मध्ये दिवाबिवा काही नाही. टिक असा आवाज झाला, एक धुराची रेघ वर गेली आणि गॅरेजभर कांदा करपल्यासारखा वास सुटला. दारातून शेजारी म्हणाले, "उफ दा." हा नॉर्वेजियन "अगं बाई" आहे. कुठल्याही प्रसंगाला चालतो, बारशापासून बाराव्यापर्यंत.

दुसरा रेक्टिफायर आणला, निगेटिव्ह अधांतरी ठेवली, म्हणजे बल्बापर्यंतच नेली, आणि दिवा शांत, स्थिर, पांढराशुभ्र लागला. इंजिन घरघरत असताना! मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा रेस न देता पुढचं पाहत होतो. डोळ्यांत पाणी आलं, ते लगेच गोठलं.

पुढे पाहत होतो म्हणजे वर पाहत होतो. दिव्याचा आरसा बनवलेला असतो तो बल्बातल्या तारेच्या नेमक्या जागेसाठी. एलईडीच्या टिकल्या त्या जागेपासून जरा सरकल्या की उजेड भलतीकडे जातो. माझा सगळा स्प्रूसच्या शेंड्यांवर पडला होता. वाट काळीकुट्ट, पण झाडावरचं घुबड शहाजहानच्या दरबारात असल्यासारखं झगमगत होतं. बल्बची कॉलर सैल करून, टिकल्या नऊ आणि तीन वाजल्याच्या दिशांना येतील असा फिरवला, तेव्हा उजेड जमिनीवर उतरला.

शनिवारी संध्याकाळी निघालो. नॉर्थ शोअर ट्रेल डुलुथहून ग्रँड मरेपर्यंत जातो, १४६ मैल. आम्हाला त्यातले वीसच करायचे होते. पुढे शेजारी त्यांच्या जुन्या गाडीवर, पिवळ्या दिव्यानिशी. मागे मी, नव्या तेजाने. पहिली दहा मिनिटं असा उजेड पडला, की वाटेवरच्या सशाची मिशी मोजावी. मग उजेड उतरू लागला. अकराव्या मिनिटाला मी थेट समईच्या काळात होतो.

वायर सुटली असणार म्हणून उतरलो. वायर जागच्या जागी. बल्ब ठणठणीत. काचेवर मात्र बोटभर बर्फाची साय. पुढच्या गाडीने उडवलेला सगळा भुगा येऊन बसलेला आणि वितळायचं नाव नाही. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवायचा म्हणून मी त्याला उधळ्या म्हणत होतो. तो त्याच उष्णतेने गुपचूप काच पुसत होता. एलईडीचा सगळा ताप पाठीकडे, तोंड थंडगार. अमेरिकेच्या या भागात रस्त्यावरचे सिग्नल एलईडीचे झाले तेव्हाही हेच झालं होतं: हिमवादळात लाल-हिरवं सगळं पांढरं, आणि ते खरवडायला माणसं पाठवावी लागली. नगरपालिका फसते तिथे माझी काय कथा.

एक मात्र कबूल करायला हवं. दिव्याने वीज कमी घेतल्यामुळे हँडलच्या मुठी तापवणाऱ्या तारांच्या वाट्याला जास्त येऊ लागली. पूर्वी मुठी कोमट व्हायच्या, आता तव्यासारख्या. तेवढ्यात शेजारी वळून परत आले, त्यांच्या पिवळ्या, लख्ख पुसलेल्या दिव्यासकट. मी हातमोजा काढून गरम तळवा काचेवर दाबून उभा होतो आणि बोटांमधून थेंब थेंब पाणी गळत होतं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "वेगळं आहे," म्हणाले.

बायकोने हेल्मेटची काच वर केली. "म्हणजे दिव्याची वाचलेली वीज मुठीत, मुठीतली ऊब तुझ्या हातात आणि हातातली परत दिव्याला?"

"हो."

"मग वायरिंग तुझ्यातूनच नेलंयस की रे."