उन्हाळी विद्यार्थिनी घरी आली असता

येरवड्यात कुणी दोन महिने मुक्कामाला आहे म्हटले, की उरलेले पुणे आवाज खाली करून विचारते, "जेलमध्ये की हॉस्पिटलात?" म्हणून पहिली सूचना. मराठी शिकायला आलेली अमेरिकन विद्यार्थिनी आपल्याकडे राहणार आहे, हे नातेवाइकांना कळवताना 'येरवडा' हा शब्द अगदी शेवटी घ्यावा. सुरुवात 'मराठी'ने करावी. 'अमेरिका'ने केल्यास भाच्याच्या व्हिसाची चौकशी सुरू होते आणि मूळ विषय राहून जातो.

"मराठी शिकायला? आणि येरवड्यात?" असे विचारणारे भेटतातच. त्यांच्यासाठी थोडा इतिहास पाठ ठेवावा. डेक्कन कॉलेजची दगडी इमारत इथे १८६८ पासून उभी आहे. १९५०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर तिथे भाषाशास्त्राच्या उन्हाळी शाळा भरत आणि शिकवायला अमेरिकेतून पंडित येत. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली, तिचे पहिले बिऱ्हाडही याच आवारात. पैशाची सोय मोठी मजेची होती. पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेने आपल्याला गहू विकला तो रुपयांत. ते रुपये इथेच खर्चायचे होते, म्हणून त्यातले काही अमेरिकन अभ्यासकांच्या शिष्यवृत्त्यांकडे वळले. थोडक्यात, आपल्या आजीने रेशनच्या रांगेत मोजलेल्या पैशांतून कुणीतरी मराठीची विभक्ती शिकून गेले. हे पाहुणीला सांगू नये. आजीला तर मुळीच सांगू नये.

कोर्स 'उन्हाळी' असतो, पण उन्हाळा त्यांचा. पाहुणी जूनमध्ये उतरते ती गवती टोपी आणि उन्हाचे मलम घेऊन, आणि आठवड्याभरात तिच्या कातडी बुटांवर बुरशी धरते. टोपीची चेष्टा करू नये. छत्री द्यावी, पण घरातली चांगली छत्री देऊ नये. तिथी जमल्या तर माउलींची पालखी आळंदीहून दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर करत पुण्याकडे जाताना तिला पाहायला मिळते. तिथे तिला एकटी सोडावी. वारकरी बाई तिच्याशी इंग्रजी बोलत नाही, आणि ही सोय पुण्यात दुर्मिळ आहे.

कारण खरी अडचण हीच. ती दहा हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून मराठी शिकायला येते आणि आपण सगळे मिळून तिला मराठीपासून वाचवतो. कोपऱ्यावरच्या दुकानात तिने रात्रभर घोकलेले "अर्धा किलो साखर द्या" म्हणावे, तर उत्तर येते, "येस मॅडम, एनीथिंग एल्स?" रिक्षावाला हिंदीत शिरतो. शेजारच्या काकू, ज्यांना आजवर कुणी इंग्रजी बोलताना ऐकले नाही, त्या जिन्यात अडवून "हाऊ यू लाइक पोहा?" विचारतात. आम्ही घरात दंड ठेवला: इंग्रजी वाक्याला दहा रुपये. पहिल्या रविवारी डबा उघडला तेव्हा दोनशे सत्तर रुपये निघाले. पाहुणीचे दहा होते. तेही पाल दिसली तेव्हाचे.

तिच्या प्रश्नांची तयारी मात्र ठेवावी. चहातला च आणि चमच्यातला च वेगळे का? परवा म्हणजे होऊन गेलेला की यायचा? निघालेला माणूस दारात उभा राहून "येतो" का म्हणतो? आणि 'आम्ही जेवलो' व 'आपण जेवलो' यांत फरक असेल, तर तिने काल नेमके कुणाबरोबर जेवण केले? अशा वेळी "आमच्यात असंच म्हणतात" हे उत्तर दोनदाच चालते. तिसऱ्यांदा डेक्कन कॉलेजकडे बोट दाखवावे. तिथे १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे, अनेक खंड छापून झाले तरी अजून 'अ'च चालू आहे. दोन महिन्यांत भाषा येईल या कल्पनेवर तो दिलासादायक उतारा आहे.

जेवणात आग्रह बेताने करावा. "नको" हा शब्द ती पहिल्या दिवशी शिकलेली असते. तो तीनदा म्हटल्याशिवाय लागू होत नाही, हे पुस्तकात नसते.

एक धोका आधी सांगितलेला बरा: सगळेच परत जात नाहीत. गेल ऑम्वेट अमेरिकेतून अभ्यासाला आल्या आणि कासेगावच्या झाल्या. मॅक्सीन बर्नसन फलटणला राहिल्या, तिथे शाळा उभी केली आणि वर मराठी शिकवण्याची पुस्तकेही लिहिली. तेव्हा पाहुणीने भाकरी थापायला मागितली, तर तिची परतीची तारीख एकदा विचारून घ्यावी.

सर्वांत जपावे ते घरच्या मुलांना. आमचे चिरंजीव लंडनच्या तीन आठवड्यांच्या समर स्कूलला जाऊन आले. प्रमाणपत्र आणि पुलावरचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये आहे. मराठीत त्यांना एकोणसत्तर आणि एकोणऐंशी अजून वेगळे काढता येत नाहीत. पाहुणी ऑगस्टमध्ये लोहगावहून गेली. विमानतळावर ती "येते" म्हणाली, चिरंजीव म्हणाले "बाय". आठवड्याने यांनी तिला मेसेज केला, मराठीत, पण रोमन लिपीत: कशी आहेस, आम्ही तुला मिस करतो. उत्तर स्वच्छ देवनागरीत आले. 'मलाही तुमची आठवण येते' असे होते आणि खाली एक ओळ: 'मिस करतो ला मराठीत काय म्हणतात ते आईंना विचार. दहा रुपये डब्यात टाक.'