पणजोबा आणि वाघ

आमचे पणजोबा मेळघाटात वाघाशी झुंजता झुंजता गेले, हे आमच्या घराण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अकोल्याच्या आत्याबाईंकडे तर वाघाची लांबीसुद्धा आहे. दर दिवाळीला ती वीतभर वाढते. निवृत्त झाल्यावर मला हे शौर्य सरकारी कागदावर आणायची हुक्की आली.

वऱ्हाडात शिरगणती देशभरच्या शिरगणतीच्या आधी, ७ नोव्हेंबर १८६७ लाच झाली होती, एवढं वाचून मी फुगलो. अमरावतीच्या एका कार्यालयात जाऊन पूर्वजांची यादीच मागितली. कारकुनाने आधी चहा संपवला. "काकाजी, त्याच्यात मानसं मोजतेत, नावं नाही ठेवत." खरंच होतं. जुन्या अहवालांत जाती, धंदे, आंधळे, बहिरे, वेडे, सगळ्यांचे आकडे. नाव एकाचंही नाही. (वेड्यांच्या रकान्यातून मी उशिरा जन्मल्यामुळे सुटलो.) अलीकडचे घरोघरचे तक्ते मागावेत, तर १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ आडवं येतं.

"कोतवाल बुक पाहा," त्यानेच सुचवलं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची ती वही. जातपडताळणीपायी तिच्या नकलांना कायम रांग. कुणाला १९५० पूर्वीचा पुरावा हवा, कुणाला १९६७ पूर्वीचा. रांगेत एकाने विचारलं, "तुमाले कायच्यासाठी पायजे?" मी म्हणालो, "वाघासाठी." माझ्या मागेपुढे लगेच ऐसपैस जागा झाली.

पणजोबांच्या जन्माची नोंद सापडली, निदान मला तसं वाटलं. बापाचं नाव, जात, तारीख आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसतं 'मुलगा'. बारशाची वाट कोतवाल कशाला पाहील? ते पणजोबा की त्यांचा भाऊ, देव जाणे.

मृत्यूची नोंद मात्र नावानिशी होती आणि मोडीत होती. मोडीच्या उन्हाळी वर्गाचं प्रमाणपत्र माझ्या बैठकीत टांगलेलं आहे. मरणाच्या कारणात मला 'व' दिसला, शेजारी 'घ'सारखं काहीतरी दिसलं आणि मी ओरडलोच, "वाघ!" नकला वाचून देणारे म्हातारबुवा वाकले, चष्मा वर-खाली केला आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हगवण."

अकोल्याला जाऊन आत्याबाईंना ती नकल दाखवली. त्या जराही डगमगल्या नाहीत.

"मंग? वाघ समोर आल्यावर कोनालेबी लागन, बाप्पा!"